आई, मुंबई आणि पाण्याच्या गाड्या

आई लातूरहून येणार म्हटल्यावर मी लगेच यादी करायला घेतली. गेटवे, राणीची बाग, सिद्धिविनायक, महालक्ष्मी, मरीन ड्राइव्ह, नवीन भुयारी मेट्रो, जमलंच तर अटल सेतूवरून एक चक्कर. नवऱ्याने त्यात वडापावची त्याची लाडकी ठिकाणं घुसवली. फोनवर आईला सगळी यादी वाचून दाखवली, तिने हं हं करत पूर्ण ऐकून घेतली आणि मग म्हणाली, "ते बघू गं सगळं, पण मला आधी एक सांग, तिथं एवढ्या मानसाला पानी कुठून येतंय? ते दाखवशील का?"

आता लातूरच्या बाहेरच्या लोकांना हे विचित्र वाटेल की मुंबईला येणारी बाई समुद्र नाही, हिरो-हिरॉइनचे बंगले नाहीत आणि पाणी काय बघायला मागते. पण ज्यांनी २०१६ चा उन्हाळा लातुरात काढलाय त्यांना काही सांगायला नको. मांजरा धरण पूर्ण कोरडं, धनेगावला जाऊन आलेले लोक सांगायचे की तळाला भेगा पडल्यात, पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी आणि भांडणं नकोत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लागलेली, आणि मग एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या गाडीला १० वॅगन होत्या, प्रत्येकीत ५० हजार लिटर, म्हणजे एकूण ५ लाख. पुढे ५० वॅगनची गाडी सुरू झाली, एका खेपेला २५ लाख लिटर. मी तेव्हा कॉलेजला होते, आमच्या गल्लीतली पोरं स्टेशनवर जाऊन त्या गाडीसोबत सेल्फी काढत होती आणि टीव्हीवाले त्या पोरांचे फोटो काढत होते. आई मात्र तेव्हापासून पाणी या २५ लाखांच्या 'गाडी'त मोजते. म्हणजे खरंच. कुणी म्हणालं अमुक कंपनीला रोज इतके लिटर लागतं, की आई मनातल्या मनात भागाकार करून सांगणार, "म्हंजे गाडीचा चौथा हिस्सा झाला की." अंगणवाडीत आयुष्यभर रजिस्टरं भरलेली बाई आहे, हिशोब पक्का.

तर ती आली, लातूर एक्सप्रेसने ठाण्याला उतरली, हातात दोन पिशव्या, एकीत काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, धपाटी आणि दुसरीत पाण्याची पाच लिटरची कॅन. रिकामी. वाटेत संपली म्हणून नाही तर घरनं निघतानाच रिकामी आणलेली, "असूदे, लागती." लेकीच्या घरी राहायचं म्हणून तिला आधीच अवघडल्यासारखं होत होतं, जावईबापूंनी पिशवी उचलली तर पिशवीसाठी दोघांची ओढाओढ, ठाण्याच्या पुलावर सकाळच्या गर्दीत, आणि मागचे लोक आम्हाला काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

आम्ही भांडुपला राहतो. घरी आल्यावर तिने आधी नळ सोडून बघितला, बंद केला, परत सोडला. मग बाथरूमचा, मग बेसिनचा. मी सांगितलं अगं गच्चीवर टाकी आहे सोसायटीची, चोवीस तास येतं. त्यावर ती फक्त "असं होय" म्हणाली. आणि रात्री मी झोपल्यावर उठून घरातली सगळी पातेली, कुकर, नवऱ्याचा प्रोटीन शेकचा डबा, सगळं भरून ठेवलं. सकाळी ओट्यावर चहाचं भांडं ठेवायला जागा नाही. आमच्या लातूरच्या घरी नळ आठवड्यातून एकदा येतो, कधी त्याहून उशिरा, त्यामुळे येईल त्या दिवशी हौद, टाकी, टिपाडं, हंडे, कळशा सगळं भरायचं ही सवय हाडात बसलेली आहे. मी पण मुंबईत आल्यावर पहिले काही महिने बादल्या भरून ठेवायचे, रूममेट हसायच्या.

नवरा चिपळूणचा. त्याच्याकडे उलटा प्रकार. जुलै २०२१ मध्ये त्यांच्या घरात पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरचा फ्रिज तरंगत होता. त्यामुळे आमच्या घरात पाण्यावरून कधी एकमत होत नाही, तो शॉवर सोडून मग टॉवेल शोधायला जाणारा माणूस. आई आल्यावर तो बादलीत अंघोळ करायला लागला. मी लग्न झाल्यापासून सांगत होते.

गंमत म्हणजे आईच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या घराच्या मागेच आहे. भांडुप कॉम्प्लेक्स. मुंबईच्या धरणांमधलं बरंचसं पाणी इथे येतं, शुद्ध होतं आणि मग शहरात जातं. पण आत कुणालाही असंच सोडत नाहीत, सिक्युरिटी कडक, आणि बाहेरून बघायला काही नाही. म्हणून मी तिला पाइपलाइन दाखवायला नेलं. माणसाच्या उंचीपेक्षा मोठे, काळपट लोखंडी पाइप, रोज रिक्षातून जाताना आपण त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. आई थांबली, पाइपला तळहात लावला, मग कान लावला. "वाजतंय गं आत." मला काही ऐकू आलं नाही, मागे ट्रॅफिकच इतका होता, पण एक वॉकला आलेले काका थांबून आमच्याकडे बघायला लागले, आणि आईने त्यांनाच विचारलं, "कुठून येतंय हो हे?" काका रिटायर्ड, त्यांना वेळच वेळ. उभ्या उभ्या सातही तलाव सांगितले: अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. विहार आणि तुळशी तेवढे मुंबईत, नॅशनल पार्कच्या अंगाला, बाकी सगळे ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यात, शंभरेक किलोमीटर लांब. आणि तानसा-वैतरणाकडचं पाणी बहुतेक उतारानेच येतं, पंप लावायला लागत नाही, हे काकांनी अशा थाटात सांगितलं की जणू उतार त्यांनीच काढून दिलाय. तानसा १८९२ चं. आई म्हणाली, "इंग्रजानं बांधलं म्हना की." मग शहराला रोज किती लागतं विचारलं. साधारण ३८५ कोटी लिटर. इथे ती गप्प झाली, ओठ हलायला लागले. "दीड हजार गाड्या," ती म्हणाली. "वर चाळीस. रोज?" काकांना काय कळेना, गाड्या कुठल्या. मी त्यांना लातूरची रेल्वे सांगितली, तर म्हणाले हो हो पेपरात वाचलं होतं, आणि मग त्यांनी सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा विषय काढला तो काही संपेना.

साऊथ मुंबईचा दिवस मग मी यादी बाजूला ठेवून पाण्याच्या हिशोबानेच लावला. म्हणजे गेटवे झालं, फोटो झाला, पण खरी मजा बाकीच्या ठिकाणी. सीएसएमटीहून फोर्टात मिंट रोडच्या नाक्यावर मुळजी जेठा कारंजं आहे, १८९४ चं, एका कापसाच्या व्यापाऱ्याने आपल्या लहान वयात गेलेल्या मुलाच्या आठवणीसाठी बांधलेलं, सीएसएमटी ज्याने केलं त्याच स्टीव्हन्सचं डिझाइन. वर तो मुलगा हातात पुस्तक घेऊन बसलाय. आजूबाजूला टेम्पो, हातगाड्या, कुरिअरवाले, आणि मधे हे. आई बराच वेळ मान वर करून त्या मुलाकडे बघत होती. मग म्हणाली, बरं केलं, देवळापेक्षा हे बरं, येनाऱ्या-जानाऱ्याला पानी तरी मिळालं. आमच्याकडे उन्हाळ्यात लोक रांजण ठेवतात ना रस्त्यावर, पाणपोई, वर गेलेल्या माणसाच्या फोटोचा फ्लेक्स. तेच आहे हे, फक्त दगडात.

तिथून चर्चगेटच्या बाजूला भिका बेहराम विहीर. १७२५ सालची, म्हणजे तीनशे वर्षं जुनी, समुद्र इतका जवळ असून पाणी गोड. पारशी लोकांचं श्रद्धास्थान आहे त्यामुळे बाकीच्यांना आत जाता येत नाही, तसा बोर्डच आहे. आईने बोर्ड माझ्याकडून वाचून घेतला आणि म्हणाली, "हिर कुनासाठी खांदली होती आधी?" मी म्हटलं सगळ्यांसाठीच, तहानलेल्यांसाठी. "मग?" आता या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी ती इतकी वर्षं नीट ठेवलीये हेही खरं, आजूबाजूच्या कितीतरी विहिरी बुजल्या. धोबी तलाव, गोवालिया टँक, सीपी टँक ही सगळी खरोखरची तळी होती, नळ आल्यावर आणि मलेरियाच्या भीतीने बुजवून टाकली. धोबी तलावावरून टॅक्सी गेली तेव्हा मी हे तिला सांगितलं तर तिने खिडकीतून बाहेर बघितलं, सिग्नल, बस, मेट्रोचं स्टेशन, आणि इतकंच म्हणाली की तळं बुजवनारा मानूस कधी आमच्याकडं पाठवू नको.

हँगिंग गार्डनला सगळेच आई-वडिलांना नेतात, प्राण्यांच्या आकारात कापलेली झाडं दाखवतात, समोर कमला नेहरू पार्कमध्ये म्हातारीच्या बुटापाशी फोटो काढतात आणि परत येतात. मी पण तेच केलं, पण आधी तिला गवतावर उभं केलं आणि सांगितलं की आई तू आत्ता पाण्यावर उभी आहेस. कारण ती बाग मुळात मलबार हिलच्या जलाशयाचं छप्पर आहे. खाली १८८७ सालचा जलाशय, साधारण १५ कोटी लिटरचा, दक्षिण मुंबईतल्या बऱ्याच भागाला तिथून पाणी जातं. मधे तो पाडून नवीन बांधायचं ठरलं होतं तेव्हा झाडं जाणार म्हणून तिथल्या लोकांनी मोठा विरोध केला, मग तज्ज्ञांची कमिटी बसली आणि दुरुस्तीवर भागलं.

आईने चप्पल काढली.

मला वाटलं पाय दुखतायत. तर नाही, "पायाखाली पानी हाय म्हनतीस, मग चपला घालून कसं." बाजूला एक गुजराती काकू लाफ्टर क्लबवाल्या बसल्या होत्या त्यांनी विचारलं काय झालं, मी सांगितलं, त्या तीस-पस्तीस वर्षं रोज तिथे येतात, त्यांना खाली पाणी आहे हे माहीतच नव्हतं. आई तोवर हिशोबाला लागली होती: १५ कोटी म्हणजे साठ गाड्या. "साठ गाड्या ह्या एवढ्याशा बागंखाली!" आणि मग एकदम, "आनि आमी त्या वर्षी एक गाडी आली तर हार घातले."

खाली उतरून बाणगंगा. हे तिला सगळ्यात जास्त आवडलं, मला वाटतं पायऱ्यांमुळे. आपल्याकडच्या बारवेसारखं उतरत जाणाऱ्या पायऱ्या, मधे चौकोनी तळं, बदकं, कडेला दीपमाळा, वर चहूबाजूंनी टॉवर. आत्ताचं बांधकाम १७१५ च्या आसपासचं, रामा कामतांनी पैसे दिले. रामाने बाण मारला आणि गंगा आली ही कथा आईला आधीच माहीत होती, कशी ते विचारू नका, तिला सगळ्या तीर्थांच्या कथा माहीत असतात. तिला पटत नव्हतं ते वेगळंच, की पलीकडे दगड टाकला तर समुद्रात पडेल आणि इथे झऱ्याचं गोड पाणी. हात बुडवला, जिभेला लावला (मी नको नको म्हणत होते, वर शेवाळ दिसत होतं, कुणाचे तरी विधी चालले होते), आणि मान हलवली. खरंच गोड.

समुद्राचं मात्र तिला फार कौतुक वाटलं नाही. गिरगाव चौपाटीवर भेळ खाल्ली, मरीन ड्राइव्हला भरती होती, लाटा कठड्यावरून रस्त्यावर येत होत्या, पोरंपोरी मुद्दाम भिजत होती. आई पदर सावरून मागे उभी. "एवढं पानी आनि पिता येईना, काय कामाचं." नंतर लोकलमध्ये लेडीज डब्यात तिने हे वाक्य शेजारच्या कोळीणबाईला पण ऐकवलं आणि त्या बाईने, रिकामी पाटी मांडीवर घेऊन, "आमचं पोट त्यावरच हाय वो ताई" असं ऐकवल्यावर आई लगेच तिच्या बाजूने झाली. भांडुप येईपर्यंत बोंबील कसे वाळवतात, मीठ किती, वास जातो का, सगळं विचारून झालं. आई शाकाहारी आहे.

रविवारी नवऱ्याने गाडी काढली आणि कान्हेरीला गेलो. सोमवारी पार्क बंद असतं त्यामुळे रविवारची गर्दी सहन करण्याला पर्याय नव्हता, बोरिवलीच्या गेटपाशी गाडी लावून पार्कच्या बसने वर जायचं, बसच्या रांगेत आमचा अर्धा जीव गेला. पण कान्हेरी म्हणजे, मी याआधी दोनदा मित्रमैत्रिणींसोबत गेलेय आणि मला फक्त चैत्य आणि धबधबा आठवत होता. आई पहिल्या लेण्यापासून खाली बघत चालत होती. "ही खाच कशाची?" खडकावर कोरलेली पन्हळ. ती कुठे जाते बघत गेलो तर लेण्याच्या अंगणाशेजारी खडकात खोदलेलं टाकं. पुढच्या लेण्याला परत तेच. शंभरावर लेणी आहेत आणि जवळजवळ प्रत्येकीला आपलं आपलं टाकं, डोंगरावर पडलेला पाऊस वाया जाऊ न देता खाचांनी गोळा करून त्यात आणलेला. दोन हजार वर्षांपूर्वीपासूनची व्यवस्था. तिथल्या शिलालेखांमध्ये दान देणाऱ्यांची नावं आहेत, कल्याणचे, सोपाऱ्याचे व्यापारी वगैरे, आणि दान काय दिलं तर लेणं आणि सोबत पाण्याची पोढी, म्हणजे टाकं. फ्लॅटसोबत पार्किंग देतात तसं, नवरा म्हणाला, आणि स्वतःच हसला.

आईला आमचं खरोसा आठवत होतं, औशाजवळची लेणी, लहानपणी जत्रेला बैलगाडीतून गेलेली. तिथल्या गोष्टी तिने बसमध्ये परत येईपर्यंत सांगितल्या, आजोबा, त्यांचा एक मारका बैल, रस्त्यात तुटलेलं जू. मी त्यातल्या निम्म्या पहिल्यांदा ऐकत होते.

पावसाळ्यात मुंबईतल्या मराठी पेपरमध्ये रोज तलावसाठ्याची चौकट येते, कुठल्या तलावात किती टक्के. आम्ही ती कधी वाचत नाही. आई सकाळी चहासोबत मोठ्याने वाचायची, सात तलाव, जसं काय पोरांचे मार्क. तुळशी भरला त्या दिवशी तिने शिरा केला. मी म्हटलं अगं तो सगळ्यात लहान आहे, त्याच्या भरण्याने मुंबईला काही फरक पडत नाही, खरा भातसा, जवळजवळ निम्मं पाणी त्याचं. "लहान असूदे, भरला ना," आणि शिऱ्यात अजून बेदाणे.

याच चौकटीमुळे पुढचं झालं. आमच्या स्टेशनबाहेर पावसाळ्यात रानभाज्या घेऊन बायका बसतात, टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी, कंटोळी. आईला टाकळा ओळखू आला, "ह्यो तर तरोटा," बाकीचं नवीन. तिने एका बाईला विचारलं कुठनं येता. शहापूरकडून. "म्हंजे भातसाच्या तिथनं?" बाई हो म्हणाली, तिला आश्चर्य वाटलं की या म्हातारीला भातसा कसं माहीत. आईला वाटलं वा, हिच्या दारात तर गंगा. म्हणाली, मग तुमाला काय पान्याचा तरास न्हाई. ती बाई हसली. म्हणाली, आता पाऊस हाय म्हणून हाय, एप्रिल-मे मध्ये टँकर येतो आमच्याकडं, नायतर डोक्यावर हंडा घेऊन लांब जायचं. धरण दिसतं पण पाणी नाही.

ही काही नवीन बातमी नाही, दर उन्हाळ्यात शहापूर तालुक्यातल्या टँकरच्या बातम्या येतात, मुंबईला पाणी पाजणारी धरणं ज्या तालुक्यात आहेत तिथेच टंचाई, मी कितीदा स्क्रोल करून पुढे गेलेय. पण आईचा चेहरा असा झाला जसं कुणीतरी तिला फसवलंय. तिथेच खाली बसली, त्या बाईच्या शेजारी, फुटपाथवर. किती दिवसाआड टँकर, किती हंडे मिळतात, विहीर किती खोल, बोअर घेतलं का, किती फुटांवर लागलं. ती बाई पण उत्तरं देत होती, मधे गिऱ्हाईक आलं तर आई जुड्या बांधून देत होती. मी ऑफिसला लेट झाले, मेसेज टाकला ट्रेन लेट आहे म्हणून. निघताना आईने सगळ्या प्रकारच्या एकेक जुड्या घेतल्या, भाव केला नाही, जी बाई लातूरच्या गंजगोलाईत मेथीच्या जुडीसाठी तीन दुकानं फिरते.

फोडशी नवऱ्याने केली, चण्याची डाळ घालून, त्याच्या आईच्या पद्धतीने. आईने तीन वेळा घेतली आणि वर काळा मसाला पाहिजे होता असंही सांगितलं.

आता ती परत गेलीये आणि रोज संध्याकाळी फोनवर भातसा किती झाला विचारते. मी पण तिला मांजराचं विचारते. एक चांगली गोष्ट म्हणजे आरओचं वाया जाणारं पाणी आता आमच्याकडे बादलीत जमा होतं आणि त्याने लादी पुसली जाते, हा नियम ती लावून गेली आणि जावईबापू पाळतायत.

दिवाळीनंतर तानसा बघायचं ठरलंय आणि या वेळी बाबांना पण घेऊन ये म्हटलंय. खरी अडचण तीच आहे. आई-बाबा दोघं एकत्र कधीच येत नाहीत, कारण नळ येईल त्या दिवशी घरी कुणीतरी पाहिजे, आणि तो कुठल्या दिवशी किती वाजता येईल याचा नेम नाही. शेजारच्या काकूंकडे चावी देऊ म्हटलं तर बाबा म्हणतात त्या मोटर चालू करून सिरियल बघत बसतात, मागच्या वेळी गल्लीभर पाणी गेलं. मग नवऱ्याने त्यांना हौदाला बॉलकॉक बसवायचा सल्ला दिला, भरला की आपोआप बंद, व्हिडिओ पाठवला, फोनवर अर्धा तास समजावलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आनि अडकला तर?"